राजाच्या तोंडावर अंगठा

सिस्टरनं दोन्ही तळवे एकमेकांवर खसखसून चोळले, उजव्या हाताचा अंगठा राजाच्या तोंडावर ठेवला आणि दाबला.

नुसता टेकवला नाही. नाक, गाल, ती छातीपर्यंत उतरलेली रुबाबदार दाढी, सगळं अंगठ्याखाली घेतलं आणि चांगलं जोर लावून दाबलं. न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज चालू होता. नवऱ्याला आंघोळीला हल्ली वेळ लागायचा. हातातून साबण सुटला की तो चाचपडत शोधत बसायचा, पण हाक मारायचा नाही. तिनं अंगठा उचलला. चष्मा डोळ्यांवर नव्हता. राजाचं तोंड न्याहाळायची तिला हौस नव्हती. तांब्याच्या लाल चकाकीवर काहीतरी धुरकट उमटलंय, एवढं दिसलं. तेवढं पुरे होतं.

"घे, तूही झालास अंगठाछाप," ती राजाला म्हणाली.

मग नाणं मखमलीच्या खणात होतं तसं ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

तळवे चोळायची खोड वॉर्डातली. सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात गेली. आता घरी बसूनही बरीच वर्षं झाली होती, तरी कशालाही हात लावायच्या आधी तळवे आपोआप एकमेकांवर चढायचे. दार उघडायचं असलं तरी. गल्लीत तिला अजून सगळे सिस्टरच म्हणत. तिच्या हातून जगात आलेली पोरं आता टकली झाली होती, त्यांच्या मुलांची लग्नं होत होती, आणि तीही तिला सिस्टरच म्हणत होती. नवऱ्याला मात्र गल्लीतल्या पोरांनी दुसरंच नाव पाडलं होतं: कडकाका. कारण त्याच्या घरात पाऊल टाकलं, नाण्यांकडे नुसता हात पुढे केला, की तो ओरडायचा.

"कड धर. कड."

नाणं कडेनं धरायचं. दोन बोटांत, आरशाची काच धरावी तसं. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. हाताचा घाम तांब्याला खातो. आज काही दिसत नाही, चार-दोन महिन्यांनी तोच डाग काळपट होऊन वर येतो आणि मग बापजन्मात जात नाही. हे पाठ त्यानं बायकोला दिले, मुलीला दिले, जावयाला दिले, एकदा मीटर तपासायला आलेल्या माणसालाही दिले. सरकारी बांधकाम कचेरीत नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला होता. रस्ते, पूल, गटारं. कागदावर बोट लागू न देता रेघ ओढायची, हा त्याचा धर्म. पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढताना एकदा अंगठ्याचं पेर आडवं चिरलं होतं, त्याचा व्रण तेवढा राहिला. सरकारकडून त्याला मिळालेलं ते एकच पदक.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं त्याला खूश करायचं म्हणून एक काळवंडलेलं नाणं लिंबू आणि राखेनं घासून लख्ख केलं होतं. ताटात ठेवून, वर फूल ठेवून दिलं. तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला तो एवढंच, की तू त्याची कातडी सोललीस. ते नाणं त्यानं एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. त्या डब्याला तो 'बाद डबा' म्हणायचा. झिजलेली, भोक पाडून गळ्यात घातलेली, छिन्नीनं टोचलेली, कुणी रागानं नाक उडवलेली, अशी सगळी नाणी त्यात जायची. बाजारात नासलेली, असं तो म्हणायचा. जपायची ती कोरी. टांकसाळीतून निघाली आणि कुणाच्या मुठीत गेलीच नाहीत अशी. कुठं गेली नाहीत, काही विकत घेतलं नाही, कुणाची भूक भागवली नाही, कुणाच्या कनवटीला घामानं चिकटली नाहीत. नुसती राजाचं थोबाड घेऊन लाल राहिली. त्यांना मखमल.

सिस्टरला ह्याचा संताप यायचा. राजांच्या गालांना ह्या माणसानं जेवढं जपलं, त्याच्या पावपट बायकोच्या गालाला जपलं असतं तर तिनं तक्रार केली नसती. आणि राजे तरी कसले? ज्यांना बायांनी कळा देऊन, फाटून, रक्तात न्हाऊन जन्म दिला, ते. त्या बायांचं नाणं कुठल्या खणात आहे, असं तिनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, तसं नसतं गं. कसं असतं ते त्यानं सांगितलं नाही.

मग त्याची नजर जायला लागली. काचबिंदू. आधी कडा गेल्या. जन्मभर कड धरणाऱ्या माणसाचं जग कडेकडूनच कुरतडलं गेलं, मग मधलं. आता डोळ्यांसमोर उजेड आणि सावली एवढं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे परत येणार नाही, पण माणूस राहतो, काठी वापरायला शिका, हातांना कामाला लावा. काठी आणली. ती दाराच्या मागे उभी राहिली. तो खिडकीपाशी बसायचा, मग खिडकीकडे पाठ करून बसायला लागला, मग भिंतीकडे तोंड करून.

भिंतीकडे तोंड केलेली माणसं सिस्टरनं वॉर्डात पाहिली होती. मूल गेलेल्या बाया. अंगात ताप नाही, जखम भरलेली, आणि तरी कूस बदलत नाहीत. अशी बाई औषधानं उठत नाही. तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. दुसऱ्या बाईचं रडणारं पोर द्या, घडी घालायला कपडे द्या, पण हात रिकामे ठेवू नका.

आणि ह्या माणसानं हात रिकामे करायचं ठरवलं. सगळी पेटी विकायची. घरात पैशाची काही ओढाताण नव्हती, दोघांच्या पेन्शनी येत होत्या.

"का पण?" तिनं विचारलं होतं.

"दिसत नाहीत तर ठेवून काय करू? लोणचं घालू?"

"हातात घेऊन बसा. बोटांनी बघा."

"बोटांनी." त्यानं हे असं म्हटलं, जणू तिनं त्याला राजाला चावायला सांगितलं होतं.

"मग? वॉर्डात मला आतलं मूल दिसायचं का? तेव्हा ती यंत्रं तरी होती का? पोटावर हात ठेवून सांगायचे मी, डोकं कुठं आहे, पाठ कुणीकडे आहे, आडवं बसलंय का. डॉक्टर माझ्या हाताला विचारून मग आपला हात घालायचे."

"पोट वेगळं, नाणं वेगळं."

"पोट जिवंत असतं, एवढाच फरक."

"बोट लागलं की नाणं मरतं."

"न लागता कुठं जगतंय ते?"

तो भिंतीकडे वळला. त्याच आठवड्यात त्यानं नाणी घेणाऱ्या भिंगवाल्याला फोन लावायला सांगितला, आणि आज भिंगवाला यायचा होता. एकदा पेटी दाराबाहेर गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही, हे सिस्टरला तितकंच पक्कं ठाऊक होतं जितकं आडवं मूल ठाऊक असायचं. म्हणून तिनं अंगठा दाबला. पेटीतलं सगळ्यात मोलाचं नाणं तेच. ते बिघडलं की सौदा बिघडला. नवरा पुन्हा आठ दिवस बोलणार नाही. न बोलेना का. भिंतीशी बोलण्यापेक्षा बायकोशी न बोललेलं बरं.

*

भिंगवाला आला तो जिन्यापासूनच बोलत आला. चाळिशीतला, काटकुळा, गळ्यात काळ्या दोरीला भिंग. जुनी नाणी घेणं आणि विकणं हा त्याचा धंदा, आणि ह्या घरात तो मिसरूड फुटल्यापासून येत होता.

"काका, तुम्ही विकताय म्हटल्यावर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, काकूंनी फेकायला काढली असतील."

"मी फेकली असती तर तुला फोन केला नसता," सिस्टर म्हणाली. "चहात साखर किती?"

"काकू, ते अजून विचारावं लागतं?"

"डॉक्टरनं कमी केली नाही ना, म्हणून विचारलं. पोट बघ तुझं."

"कुठाय पोट?"

"तेच म्हणते."

नवरा धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसला होता. दाढी केली होती, हनुवटीखाली एक पट्टा राहून गेला होता. भिंगवाल्यानं काळं कापड अंथरलं, हातमोजे चढवले आणि पेटी स्वतःकडे ओढली. पेटी सरकल्याचा आवाज झाला तसा नवऱ्याचा हात टेबलावर थोडा पुढे गेला आणि परत मांडीवर आला.

"वरच्या खणापासून घे," तो म्हणाला. "पोरग्या राजापासून."

"त्याच्यासाठीच तर आलो, काका."

"ह्याची गोष्ट सांगू दे मला. काकूला कधी सांगितलं नाही मी."

कधी सांगितलं नाही हे खरं होतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. चहाचे कप ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"सात वर्षांचा होता," नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज कचेरीतून घरी आल्यावरचा, जुना, चढा आवाज झाला. "बाप मेला, पोराला गादीवर बसवलं. दरबार भरला की आईच्या मांडीवर झोपून जायचा म्हणे. दिवाणाला प्रश्न पडला, नाण्यावर पोराचं तोंड घातलं तर बाजारात कोण घाबरेल? म्हणून ही दाढी. पुस्तकात लिहिलंय, की टांकसाळीतल्या कारागिरानं पोराला पाहिलंच नव्हतं. त्याला सांगितलं राजा काढ, त्यानं राजा काढला. दाढीचा. पहिल्या थैल्या भरल्या आणि नाणी बाजारात जायच्या आत पोराला गादीवरून उतरवलं. काकानं. सगळी नाणी वितळवली, एक थैली कुठंतरी राहिली. म्हणून कोरी."

"आणि पोराचं काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

 भिंगवाल्यानं खांदे उडवले.

"तेवढं लिहिलेलं नाही, काकू."

"दाढीचं लिहिलंय. पोराचं नाही."

"तसं नसतं, काकू."

"हो, ऐकलंय मी हे," ती म्हणाली.

भिंगवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि नाणं कडेनं उचलून उजेडात धरलं. सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वॉर्डात कितीही अडलेली बाई असली तरी सिस्टरचे हात असे कधी चुळबुळले नव्हते.

"अरेरे." भिंगवाला थांबला. "काका, ह्याच्यावर कुणाचा तरी अंगठा आहे. ताजा. आजचाच दिसतोय."

नवऱ्याची मान वर झाली.  त्यानं तोंड बरोबर तिच्या दिशेला वळवलं, जणू डोळे होते.

"काकू, पुसायला वगैरे घेतली होती का?"

"हो," ती म्हणाली. "धूळ होती."

"लिंबू नाही ना लावलं?"

"लिंबाला महाग झालेय मी."

"मग घाबरू नका. ताजा आहे, निघेल." त्यानं पिशवीतून एक बाटली काढली, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकले, आणि राजाच्या तोंडावरून बोळा हलकेच टिपला. स्पिरिटसारखा वास सुटला. सिस्टर बघत राहिली. एवढं सगळं धैर्य गोळा करून ठेवलेला तिचा अंगठा दोन थेंबांत निघून गेला. तिला वाटलं, आपण काय करून बसलो, आणि तेही धड जमलं नाही.

"हा बघा, साफ." भिंगवाल्यानं पुन्हा भिंग लावलं. मग नाणं तिरकं केलं. मग खिडकीशी गेला.

"काय?" नवऱ्यानं विचारलं.

"ह्याच्याखाली अजून एक आहे."

"एक काय?"

"अंगठा. जुना. तांबूस होऊन धातूत उतरलाय. हा नाही निघायचा." तो टेबलाशी परत आला, दुसरं नाणं उचललं. मग तिसरं. मग एकेक करत अख्खा खण. त्याचं बडबडणं आता बंद झालं होतं. दुसरा खण उघडला. सिस्टरनं चष्मा लावला आणि ती त्याच्या खांद्यावरून वाकली. आता तिलाही दिसलं. मुकुट, मिशा, गरुडनाकं, दुहेरी हनुवट्या, आणि प्रत्येक राजाच्या तोंडावर एक तपकिरी सावली. बारीक गोल रेघा, आणि त्या रेघांना मधोमध छेदून गेलेली एक आडवी फट.

"सगळ्यांवर आहे," भिंगवाला हळू म्हणाला. "एकच माणूस. कापल्याची खूण आहे मध्ये. चार-सहा महिन्यांचं काम असेल, काका. कुणीतरी एकेक घेऊन..."

त्याचं वाक्य तिथंच राहिलं. नवऱ्यानं टेबलावरचा हात मांडीवर घेतला होता आणि अंगठा आत घेऊन मूठ मिटली होती.

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. 

"दिसतात?" नवऱ्यानं विचारलं.

"काका?"

"डाग. दिसतात का?"

"दिसतात, काका."

"मी पुसायचो. दर वेळी. स्वच्छ रुमालानं."

"रुमालानं नाही जात."

"नाही जात," तो म्हणाला. "मीच सांगायचो सगळ्यांना."

भिंगवाल्यानं हातमोजे काढले. माणूस धंद्याचा होता, पण ह्या टेबलावर तो नाणं धरायला शिकला होता. त्यानं चहाचा कप उचलला, थंड झालेला चहा एका दमात प्यायला. म्हणाला, "आता ह्यांना कोरी म्हणून नाही विकता येणार. पण मी घेतो, काका. बाजारात चाललेली म्हणून घेतो. आत्ता द्या. पुढं अजून काळी पडतील."

सिस्टरला वाटलं, आता हा हो म्हणणार. कधीही कुणाला नाही म्हणता न आलेला माणूस. साहेबानं सांगितलं म्हणून स्वतःच्या गल्लीतलं गटार नकाशात उलट्या उताराचं दाखवणारा माणूस. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे त्याचं त्यालाच बोलू द्यायला हवं होतं.

"पडू दे," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

"काळी पडू देत. राहू देत इथं."

भिंगवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं रिकामा कप त्याच्या हातातून घेतला.

"जाताना जिन्यातला दिवा लाव," ती म्हणाली. "तिसरी पायरी उखडलीय."

*

तो गेल्यावर नवरा बराच वेळ तसाच बसून राहिला. पण टेबलाकडे तोंड करून. हे तिनं टिपलं.

"आजचा कुणाचा?" त्यानं विचारलं.

"माझा."

"धूळ पुसताना?"

"मुद्दाम. सौदा मोडायला."

 मग त्याच्या ओठांचं एक टोक हललं.

"तुझा निघाला," तो म्हणाला. "माझा नाही निघाला."

"मोठा पराक्रम केलात. आणि मला का नाही सांगितलंत? मी काय तुमच्या राजांच्या घरची आहे?"

"काय सांगणार? जन्मभर तुला कड धर, कड धर केलं. मुलीला रडवलं. आणि तू बाजारात गेलीस की मीच एकेकाच्या तोंडावरून हात फिरवत बसायचो. लाज वाटायची. म्हणून तर विकायला काढली. घरात राहिली असती तर माझा हात राहिला नसता."

सिस्टर खुर्ची ओढून समोर बसली. ह्या माणसावर रागवायचं की काय करायचं हे तिला कळेना. तिला वाटत होतं की हा खुर्चीत बसून मरतोय, आणि हा तिच्या पाठीमागे चोरून राजांचे गाल कुरवाळत होता. भिंतीकडे तोंड असायचं ते चोरटे हात लपवायला.

"मग लागलं का काही हाताला?" तिनं विचारलं. "का नुसतीच चोरी?"

त्यावर तो पुढे सरकला. पेटीवर हात ठेवला, वरच्या खणातलं पहिलं नाणं काढलं. कडेनं नाही. सरळ तळहातावर घेतलं.

"पोरग्या राजाला लागलं," तो म्हणाला. "तुला सांगतो, इतकी वर्षं मी भिंगाखाली ह्याला बघतोय. दाढीचे केस मोजलेत मी. कधी दिसलं नाही. बोटाला पहिल्याच दिवशी लागलं. इथं. दाढीच्या आत एक गोलाई आहे. बारीक कड, वळलेली. दाढीशी तिचा काही संबंध नाही."

"काय आहे ती?"

"तू सांग."

त्यानं नाणं तिच्यापुढे धरलं. सिस्टरनं तळवे चोळले. डोळे मिटले, कारण वॉर्डातही हात चालू असताना ती डोळे मिटायची. अंगठा दाढीवर ठेवला. ह्या वेळी दाबला नाही. टेकवला आणि सावकाश, खरेच केस असावेत तितक्या हलक्या हातानं खाली नेला. दाढीच्या रेघा खरखरत गेल्या. मग त्यांच्याखाली, खोल, एक मऊसर वळण. ओठांच्या जरा खाली सुरू झालेलं आणि लगेच संपलेलं. जन्मभर तिनं त्या आकाराच्या हनुवट्या हातात धरल्या होत्या. पुसल्या होत्या, दुधानं भरलेल्या, लाळेनं ओल्या.

"हनुवटी आहे," ती म्हणाली. "पोराची. दाढीच्या माणसाची इतकी आखूड नसते. हे दुधाचे दात पडायचे असलेलं पोर आहे."

"हो ना?" त्याचा आवाज चिरकला. "मला वाटलं, मलाच भास होतोय."

"भास कसला? लख्ख आहे."

"म्हणजे बघ," तो टेबलावर बोट ठोकत म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर ती नकाशा काढतानाची आठी आली, "पुस्तक खोटं आहे. कारागिरानं पोराला पाहिलं होतं. समोर बसवून पाहिलं होतं. आधी त्यानं पोर कोरलं, ठशात, खरंखुरं. मग वरून हुकूम आला, दाढी घाल. त्यानं घातली. पण पोराला खोडलं नाही. वरून दाढी कोरली आणि खाली ते तसंच ठेवलं. कुणाला दिसणार नाही म्हणून."

"किंवा कुणाला तरी लागेल म्हणून," सिस्टर म्हणाली.

तो थांबला. नाणं त्याच्या तळहातावर होतं आणि त्याचा अंगठा, आडव्या व्रणाचा, त्या हनुवटीवर आपोआप जाऊन बसला होता. जिथं डाग होता, नेमका तिथं.

"हे कुणाला तरी सांगायला हवं," तो म्हणाला. "युनिव्हर्सिटीत एक माणूस आहे. तो मानायचा नाही. म्हणेल भिंगातून दाखवा."

"त्याला म्हणावं, इथं ये आणि हात पुढे कर."

"मोजे काढून."

"मोजे काढून."

बाहेर दुपार उतरली होती. सिस्टर उठून कप विसळायला गेली. तिच्या पाठीमागून त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चाचपडत भिंत धरून चालल्याचा, मग दाराच्या मागे काहीतरी लाकडी आपटल्याचा. ती वळली नाही. नळ चालू ठेवून तिनं ऐकलं. काठी फरशीवर टेकली, थांबली, पुन्हा टेकली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"तो बाद डबा कुठंय?" त्यानं विचारलं.

"माळ्यावर. का?"

"कोरी सगळी झाली माझी हात लावून. आता ती बघतो."

"नासलेली?"

"आण गं."

स्टुलावर चढून तिनं डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं, चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. आत नाण्यांचा चिकट, जुना, हातांचा वास होता. तो तिथंच, ओट्याशी, काठीला टेकून उभा राहिला. डब्यात हात घातला, खळखळ केली, एक नाणं काढलं. बरंच मोठं, जड. त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटवून फिरवला. तिच्या मनात आलं, आता कंटाळेल. चेहरा पडला होताच.

"सपाट आहे," तो म्हणाला. "राजाबिजा काही नाही. सगळं झिजवून टाकलंय लोकांनी. तोंड कुठं होतं ते पण कळत नाही."

"किती लोकांनी?"

"कोण मोजणार? शेकडो वर्षं फिरलं असेल हे. भाजीवाल्या, हमाल, कोण कोण." अंगठा अजून शोधत होता. "काहीच लागत नाही गं. पोटावर हात ठेवून तू कशी ओळखायचीस? तिथं तर वर सगळी चरबी असायची."

सिस्टरनं नळ बंद केला. हात पदराला पुसले. त्याच्या हातातलं नाणं काढून ओट्यावर ठेवलं, आणि त्याचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन समोरासमोर आणले. बर्फासारखे गार होते.

"आधी हात गरम करा," ती म्हणाली.